अकरा टक्के आणि मागचं पान

ड्रेस्डेन,
६ ऑक्टोबर २०२५

चि. चारुदत्त आणि चि. सौ. शुभदा यांस,
अ. उ. आ. वि. वि.

परक्यांनी आपल्या मुलांची मापं काढली की जळफळणाऱ्या आईबापांनो, हे पत्र तुम्हाला आहे. घर भाड्याने देणारी बाई आडनाव ऐकून भेट रद्द करते, आउसलेंडरबेहोर्डमधला, परदेशी लोकांच्या कचेरीतला, कारकून कागद न बघताच मान हलवतो, शाळेतली बाई दहा वर्षांच्या पोरीला तिचं पुढचं सगळं आयुष्य सांगून मोकळी होते. ह्यावर तुमच्या स्वयंपाकघरात आपण किती वेळा चहा गार होईपर्यंत संतापलो आहोत! आणि गेल्या शुक्रवारी, दसऱ्याचं जेवण सुट्टीमुळे एक दिवस उशिरा होतं त्या टेबलावर, चारू, तू स्वतः तेच केलंस. श्रीखंडाच्या वाटीशेजारी तू अन्वीपुढे एक्सेलचा छापील कागद ठेवलास.

तुझी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. येनात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला केंद्रात नोकरी करते, रोज त्यांच्या भाडेकरारांशी आणि व्हिसाच्या कागदांशी झुंजते. ती म्हणते, मला वकील व्हायचंय आणि त्यासाठी कॅनडाला जायचंय, कारण पहिली पदवी हातात असली तर तिथे तीन वर्षांत कायदा शिकता येतो, इथे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू करून सात वर्षं. ह्यावर बापाने विचारावं, कुठला कायदा, कुणासाठी लढणार? तू मात्र विचारलंस इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना. तिथे म्हणे पोरं आपापले गुण लिहितात आणि एकमेकांना प्रवेशाची शक्यता वर्तवतात. तशा दोनशे जणांचे आकडे तू गोळा केलेस. आधी तर तिची १.६ ही श्रेणी चारपैकी १.६ अशी धरून शक्यता शून्य काढलीस! सोळा वर्षांच्या विहानने तोंडातला घास न गिळता जर्मनमध्ये सांगितलं की पापा, इथे एक म्हणजे सगळ्यात वर, तू उलटं धरलंयस. सतरा वर्षं ह्या देशात राहून ही तऱ्हा. मग तू तिथल्या तिथे आकडा दुरुस्त केलास आणि जाहीर केलास, अकरा टक्के.

कशाचे अकरा टक्के? तुझ्या कागदात तिची प्रवेशपरीक्षा होती, श्रेणी होती, सरासरी होती. तिच्याकडे सल्ल्याला आलेल्या त्या सीरियन मुलाचं डिपॉझिट परत मिळवायला ती चार महिने घरमालकाच्या मागे लागली होती, तो रकाना कुठे होता? तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि श्रीखंडाला बोट न लावता स्टेशन गाठलं. दारापर्यंत मी एकटी गेले. शुभदा, तू गॅसपाशी पुऱ्या तळत राहिलीस. एवढ्या पुऱ्या कुणासाठी होत्या गं?

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर मी बोलते आणि तू गप्प बसतोस, चारू. पत्राला गप्प बसून उत्तर देता येत नाही.

हे पत्र मी गुरुदत्तांना, तुझ्या भाऊजींना, वाचून दाखवलं. त्यांनी निम्मं खोडायला सांगितलं, मी एक ओळही खोडली नाही. जीव आहे म्हणून चिडले आहे, हे ओळखण्याइतका लोभ तुझ्याकडे शिल्लक असावा.

तुझी ताई,
सुधा


बाड हॉम्बुर्ग,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लिफाफा उघडायच्या आधीच त्यातून तुझा आवाज येत होता, असं शुभदा म्हणते. पुऱ्यांचा हिशेब तिने तुला कळवायला सांगितला आहे: विहानने दोन दिवस डब्यात नेल्या. रडू येत होतं आणि तळताना निदान धुराचं निमित्त होतं, हेही कळव म्हणाली.

तू मराठी मंडळात बोलतेस तशीच पत्रातही बोलतेस, आणि मी लहानपणापासून तुझ्या सभेतला शेवटच्या रांगेतला श्रोता. तरी ह्या वेळी उत्तर देतो. आकडा माझा नाही. त्या परीक्षेत तिला १६३ मिळाले, आणि तिला हव्या असलेल्या त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठात निवड झालेल्यांचा मधला आकडा १६७ आहे. ती कायमची नोकरी सोडायला निघाली आहे. हे तिला कुणी सांगायचं? अनोळखी माणसांनी सांगण्यापेक्षा बापाने सांगितलेलं बरं, असं मला वाटलं. कागद जेवणाच्या टेबलावर ठेवायला नको होता, हे कबूल.

तुला एक गोष्ट माहीत नाही, कारण तू ड्रेस्डेनला होतीस. रेआलशूले दहावीलाच संपते, ती झाल्यावर अन्वीने वरच्या वर्गांसाठी तीन शाळांत अर्ज केले. ती शाळेतून आली की खाली पत्रपेटी उघडायची आणि मग जिना चढायची. पत्र नसलं तर दोन दोन पायऱ्या. नकार असला तर एक एक. दोनदा ती एक एक पायरी चढली. तिसऱ्या शाळेने घेतलं, पण त्या दोन दिवसांचा जिना अजून माझ्या कानात आहे. तो मला परत ऐकायचा नाही. तुझ्या भाषेत ह्याला भित्रेपणा म्हणत असतील. म्हण.

शाळेतल्या त्या बाईंच्या रांगेत मला बसवलंस, ते मात्र लागलं.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहीत राहावं, एवढी माया चालू ठेव.

तुझा,
चारू


येना,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (हे बरोबर आहे ना? आजीच्या जुन्या पत्रात बघून लिहिलं.)

मराठी हाताने लिहायची सवय गेली आहे, तेव्हा लाल पेन काढू नकोस. तू बाबाशी माझ्यासाठी भांडलीस हे विहानने कळवलं. थँक यू. पण एक खरं सांगते, हसू नकोस. बाबाच्या आधी मी स्वतःच माझी शक्यता काढली होती, त्याच साइटवरून. माझी नऊ टक्के आली होती. बाबाचे अकरा मला जरा जास्तच वाटले. मी निघून गेले ती आकड्यामुळे नाही. तो कागद लॅमिनेट केलेला नव्हता हेच नशीब, असा विचार मनात आला आणि मला रडू यायला लागलं, म्हणून गेले.

आता नवीन बातमी. मी त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाई फार छान बोलल्या. त्या म्हणाल्या, अर्जाचा आणखी एक वेगळा गट असतो. ज्यांच्या शिक्षणात खरोखर अडथळे आले त्यांची पूर्ण फाइल माणसं बसून वाचतात, नुसते गुण बघत नाहीत. पण अडथळा नुसता सांगून चालत नाही, पुरावा लागतो. मी त्यांना चौथीतलं सांगितलं. जर्मनीत येऊन दोन वर्षं झाली होती, गणितात मी वर्गात दुसरी होते, आणि बाईंनी शिफारसपत्रात लिहिलं की विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियुम मला झेपणार नाही, रेआलशूले बरी. माझ्या शेजारी बसणारी लेना गिम्नाझियुमला गेली. मी तिला गणितं सांगायचे. पुढे नववीत कामाचा अनुभव म्हणून शाळेने मला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, दोन आठवडे मी लोकांच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून उभी होते. सगळे म्हणाले, हिला हे छान जमतं.

तर दोन गोष्टी लागतात. ते मूळ शिफारसपत्र, आणि आईबाबांचं पत्र, की तो निर्णय कसा झाला, त्यांनी सही का केली. एक डिसेंबरच्या आत. मी बाबाला फोनवर तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो हो, हो म्हणाला आणि केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकल नीट करायला गेला. दुसऱ्यांदा परत सायकल. तिसऱ्यांदा म्हणाला, फॉर्म हरवला. आत्या, त्याच्या ओर्डनरमध्ये, त्या जाड फायलींत, आम्ही इथे आलो त्या दिवशीची बेकरीची पावती आहे! त्याचा कागद हरवत नाही.

मला त्याला दोष द्यायचा नाही. आल्झो, म्हणजे थोडा द्यायचा आहे. पण त्याहून जास्त, मला कळायला हवंय की त्या दिवशी काय झालं. माझं आयुष्य कुठल्या वर्गात बसणार हे ठरलं आणि त्या दिवशीचं मला कुणीच काही सांगत नाही. तू बोललीस तर तो ऐकेल. तुझं सगळे ऐकतात.

दिवाळीला घरी जाणार नाही. चकल्या पाठवल्यास तर नाही म्हणणार नाही.

तुझी भाची, आणि जमलं तर तुझी वकील,
अन्वी


ड्रेस्डेन,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. चारुदत्त यास,
अ. उ. आ. वि. वि.

ओवाळायच्या दिवशी भावाला असं लिहावं लागतं, ह्याचंही खापर तुझ्याच माथी.

अन्वीचं पत्र आलं. फॉर्म हरवला म्हणे! तू पाचवीतलं प्रगतिपुस्तक सांभाळणारा माणूस, तुझा फॉर्म हरवला? चारू, पोरीने तुझ्याकडे पैसा मागितला नाही, रजा मागितली नाही. एक जुना कागद आणि एक खरं पत्र मागितलं, आणि तू केलरमध्ये सायकलच्या मागे लपलास. कशाची लाज वाटते? सही केलीस त्याची? वाटायलाच हवी. पण ती लाज गिळून तू मुलीला उपाशी ठेवतो आहेस.

मला त्या कागदाचा विचार केला की अंगाचा तिळपापड होतो. दहा वर्षांची पोर! अजून तिचे दुधाचे दात पडायचे होते आणि तिला चाळणीत घालून हलवलं. ज्या मुलांच्या घरी जर्मन बोलत नाहीत तीच कशी बरोबर चाळणीतून खाली पडतात? आणि आपली माणसं! कचेरीत चाळीस जणांना ऐकवणारे इंजिनियर शाळेच्या दारात गेले की शिक्का बघून मान खाली घालतात.

तेव्हा मला का विचारलं नाहीस? सांग मला. जर्मन कागद वाचून शिक्क्यानिशी भाषांतर करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी ह्या शहरात पन्नास कुटुंबांचे कागद वाचून दिले, कितीतरी जणांना सही करण्यापासून थांबवलं. आणि सख्ख्या भावाच्या मुलीचं आयुष्य एका सहीवर अडलं असताना तुला एक फोन करावासा वाटला नाही? एक फोन केला असतास, तर मी पहिल्या गाडीने येऊन त्या बाईंच्या दारात उभी राहिले असते.

ह्याचं उत्तर हवं आहे. टाळलंस तर पुढच्या रविवारी मी स्वतः तुझ्या केलरमध्ये उतरेन.

शुभदाला आणि विहानला आशीर्वाद. तुझ्यासाठीचा राखून ठेवला आहे, उत्तर आल्यावर धाडीन.

ताई


बाड हॉम्बुर्ग,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला होता.

सोबत फॉर्मची प्रत पाठवतो आहे. मूळ कागद हरवलेला नाही, २०१०च्या ओर्डनरमध्ये आहे. ही प्रत त्या दिवशीच्या फॅक्सच्या पोचपावतीची आहे, तिच्या वरच्या कडेला बारीक अक्षरात जे छापलं आहे ते बघ. तुझ्या घरच्या फॅक्सचा नंबर, १२ मार्च २०१०, सोळा वाजून बेचाळीस मिनिटं. मी ऑफिसातून आधी तुला फोन केला आणि मग हा पाठवला. दहा मिनिटांत तुझा फोन आला. तू घाईत होतीस, दुसऱ्या दिवशी मंडळात पाडव्याच्या कार्यक्रमात तुझं भाषण होतं, परदेशातल्या आपल्या मुलांवर. तू म्हणालीस, शाळेचा शिक्का आहे, वर्गशिक्षिकेची सही आहे, हा निर्णय आहे, विनंती नाही. ह्यात वाद घालायला जागा नाही. सही करून टाक, उगाच शाळेशी वाकडं नको. मी सही केली.

फॅक्समधून कागदाची एकच बाजू जाते. दुसरी बाजू आहे हे मलाही तेव्हा दिसलं नाही. ते दिसलं नऊ वर्षांनी, विहान चौथीत असताना. तोच फॉर्म, त्याच्यावरही रेआलशूले. शुभदाने कागद उलटला. मागे लिहिलं होतं की पालकांचं मत वेगळं असेल तर तीन आठवड्यांत कळवावं, शाळा चर्चेला बोलावेल आणि शेवटचा शब्द पालकांचा. आम्ही कळवलं. विहान आज गिम्नाझियुममध्ये आहे तो त्या मागच्या पानामुळे. त्या संध्याकाळी मी अन्वीचा जुना कागद काढून उलटला. तोच मजकूर. अन्वी त्याच आठवड्यात शाळेची शेवटची परीक्षा देत होती. तिला काय सांगणार होतो?

तुला दोष देत नाही. कागद माझ्या हातात होता, उलटायला हातही माझेच होते. पण आता ती म्हणते, खरं काय झालं ते लिहून दे. खरं लिहायचं तर तुझं नाव येतं. ती बोलते तुझ्यासारखी, भांडते तुझ्यासारखी, वकील व्हायचं तेही तुझी भाषणं ऐकून. माझ्यावर ती रागावली तर तुझ्याकडे येते. दोघांवर रागावली तर जाईल कुणाकडे? म्हणून फॉर्म हरवला.

केलरमध्ये उतरायला ये, सायकल दाखवतो. खरंच नीट केली आहे.

तुझ्या रागाचीही सवय असलेला,
चारू


ड्रेस्डेन,
३ नोव्हेंबर २०२५

चि. चारुदत्त, चि. सौ. शुभदा, चि. अन्वी आणि चि. विहान यांस,
अ. उ. आ. वि. वि.

छापील कागदापुढे मान खाली घालणाऱ्या घरातल्या सर्व मंडळींनो, आणि तुमच्यात आता पहिल्या रांगेत बसलेल्या मला, हे पत्र आहे. विहान, आईकडून वाचून घे. शेवटपर्यंत वाचून घे.

अन्वी, तुला हवं होतं ते सांगते. १२ मार्च २०१०ला तुझ्या बाबाने मला विचारलं होतं, आणि मी ते साफ विसरले होते. सही कर असं मी सांगितलं. त्याने नाही ठरवलं, मी ठरवलं, फोनवर, पायात चपला घालता घालता, कारण मला भाषणाची टिपणं काढायची होती. गेल्या महिनाभर मी त्याला ज्या ज्या शब्दांनी झोडपलं ते सगळे शब्द परत माझ्या पत्त्यावर आले आहेत आणि मी ते सही करून घेतले आहेत.

चारूने पाठवलेली प्रत मी भिंगाखाली धरली. भिंगाची गरज नव्हती. खाली डाव्या कोपऱ्यात स्पष्ट छापलंय, पान १, एकूण पानं २. पन्नास कुटुंबांचे कागद वाचणारी मी, त्या एका ओळीपर्यंत पोचले नाही. शिक्का बघितला आणि थांबले. इतरांना ज्यासाठी नावं ठेवली, नेमकं तेच. आणि दुसऱ्या दिवशी दीडशे माणसांपुढे उभी राहून मुलांच्या हक्कांवर चाळीस मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या.

माझा राग संपलेला नाही, हेही सांगून ठेवते. पालकांचा हक्क मागच्या बाजूला छापणाऱ्यांवर तो आहे. गणितात दुसरी आलेली पोर ज्यांना दिसली नाही त्यांच्यावर आहे. पण तो राग घेऊन बाहेर पडायचं तर आधी घरचं दार नीट उघडायला हवं.

सोबत माझं निवेदन आहे, जर्मनमध्ये आणि इंग्रजीत. काय झालं, कुणी सांगितलं, कोणतं पान वाचलं गेलं नाही, सगळं लिहिलं आहे. त्यावर माझा शिक्का नाही. गुरुदत्त म्हणाले, शिक्का मारलास तर वजन येईल. तो शिक्का भाषांतरासाठी असतो, हे माझं स्वतःचं आहे. खाली नुसती सही केली आहे.

अन्वी, ह्याने तुझी शक्यता नवाची बारा होते की होतच नाही, मला माहीत नाही. कदाचित तिथल्या माणसांनाही आमची गोष्ट छोटी वाटेल. पण ह्या वेळी तुझी फाइल आम्ही अर्धी पाठवणार नाही. तुला माझा राग येईल. आला की फोन कर. मी उचलेन आणि गप्प बसेन. ते चारूकडून शिकते आहे, अवघड आहे.

चकल्या वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत.

चारू, तुझ्या वाट्याचा राखलेला आशीर्वाद ह्याच लिफाफ्यात घातला आहे. आता एकच काम कर. ह्या शनिवारी, आठ तारखेला, अन्वी दुपारच्या गाडीने घरी येते आहे, मी तिला कालच बोलावून घेतलं आहे. ती आल्यावर केलरमध्ये जाऊ नकोस. २०१०चा ओर्डनर टेबलावर आण, मूळ फॉर्म तिच्या हातात दे, दोन्ही बाजू दाखव, आणि तिच्यासमोर बसून तुझं पत्र लिही. माझं नाव वगळू नकोस. आणि सही करण्याआधी, चारू, पान उलटून बघ.

तुमचीच,
सुधा